निरोप झाला, निघणं राहिलं

रास्ता पेठ, पुणे
३ ऑक्टोबर २०२५

चि. शलोम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून नवल वाटेल. मी बरी आहे. गुडघे आहेत तसेच. अश्दोदची हवा आता जरा उतरली असेल.

काल आपला दारफाळणीचा सण, दार लावून उपास-प्रार्थना करायचा योम किप्पूर, आणि दसरा एकाच दिवशी आले. लोक सोनं द्यायला जिना चढत होते आणि मी दार लावून आत. खालच्या अख्तरबानू त्यांना परतवत होत्या, "बाईंचा उपास आहे, उद्या या." उद्या कोणी येत नसतं.

सिनेगॉगमध्ये गेले नाही. मी तुझ्याकडे इस्राएलला कायमची निघाले म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी मला निरोपाचा चहा दिला, शाल दिली, भाषणं केली. आता कोणत्या तोंडाने जाऊ? "अजून इथेच का?" हे विचारायला पुण्यात कोणी लाजत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या यहुदी नव्या वर्षाच्या संध्याकाळी फोनवर झालेलं बोलणं डोक्यातून जात नाही. ब्रिटन, कॅनडाने पॅलेस्टाईनला मान्यता दिल्याची बातमी ताजी होती. तू म्हणालास, "ताई, बघितलंस?" मी म्हटलं, "भारताने तर अठ्ठ्याऐंशी सालीच दिली. असू दे की त्यांचंही एक राज्य."

तू भडकलास, "माझा नातू तिथे गाझात बंदूक घेऊन उभा आहे, आणि तू त्यांना बक्षीस देतेस? असंच बोलायचं असेल तर इकडे येऊ नकोस."

नोआमसाठी काल दिवसभर प्रार्थना केली. पलीकडच्या पोरांसाठीही केली, लपवत नाही. पुन्हा विचारलंस तरी मी तेच म्हणेन. पण नातवाची वाट बघत तुझं घर कसं बसलं असेल, ते मला इथून कळायचं नाही, हेही खरं.

परवा अख्तरबानूंनी विचारलं, "कधी निघताय?"

"विमानांचं काही खरं नाही सध्या," मी म्हटलं. मग मीच त्या मान्यतेचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "रिबकाबाई, कागदाने मेलेली लेकरं उठतात का?" त्या लवकर उठल्या.

आता सांगायचं ते सांगते. तुझ्याकडे यायचं ठरल्यावर मी घरमालकांना जागा सोडते म्हणून कळवलं होतं. नवे भाडेकरू ठरलेत. पलंग, कपाट विकून झालं. दिवाळी झाली की खोल्या रिकाम्या करायच्या.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. लोणी काळभोरजवळ एका वृद्धाश्रमात सोय झाली आहे. खिडकीतून ऊस दिसतो. तिथल्या बाईंनी विचारलं, "काही झालं तर कळवायचं कोणाला?" मी तुझं नाव सांगितलं, नंबर दिला.

माझे फोन घेत नाहीस, नको घेऊस. त्यांचा आला तर घे.

अजून तुझीच,
रिबकाताई