सायकल खांद्यावर, नंबर तेरावा

मलकापूर (कराड),
१९ मार्च १९७५

ती. मानसिंगमामांच्या पायांवर कृष्णातचं डोकं.

इकडे आई, दोन्ही म्हशी, आबा आणि मी (घरात मान आहे त्या क्रमाने लिहिलं आहे) खुशाल आहोत. अंबाल्याची थंडी ओसरली का, तुमचा गुडघा काय म्हणतो, पलटणीच्या मेसमधली डाळ अजून तशीच पातळ आहे का, ते कळवावं. मामींचा निरोप आहे की तब्येतीला जपा. शर्यतीबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेल्या दोन पत्रांत तुम्ही दुसरं काही विचारलेलंच नाही.

मामा, माझा तेरावा नंबर आला.

लिहून टाकलं एकदाचं, बरं वाटलं. आता तो कसा आला ते बैजवार सांगतो, कारण तेराव्या नंबरातही प्रकार असतात.

आबांची अट तुम्हाला ठाऊकच आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीच मध्ये पडून ती कबूल करून घेतली होती. पहिल्या तिघांत आलो तर शर्यती खेळायच्या, नाही तर सायकल कायमची दुधाला आणि मी साखर कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायला. म्हणून तीन महिने पहाटे डेअरीला दूध घातलं की रिकामे कॅन लावून मी आगाशिवच्या डोंगराला भिडायचो. वर लेण्यांपाशी पोरं विचारायची, इथं दूध कोण घेतं? (मी म्हणायचो, बुद्ध.) आबा बघायचे, पण बोलायचे नाहीत. शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाले, "उद्या उसाला पानी हाय, मला यायला जमायचं न्हाई." मी बरं म्हटलं. वाईट वाटलं, ते लिहीत नाही.

शर्यत अशी होती. साताऱ्यात पोवई नाक्यावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर पठारावर दगडधोंड्यांतून दोन मैल जायचं आणि एका गाडीवाटेने खाली उतरून पुन्हा नाक्यावर. आम्ही एकोणीस जण होतो. त्यात सांगलीकडचा ज्योतिबा म्हणून एक होता, माधवनगरच्या गिरणीत कामाला. त्याची सायकल अशी की दोन बोटांनी उचलावी. मडगार्ड नाही, घंटी नाही, पंपसुद्धा नाही. माझी सायकल तुम्हाला माहीत आहे. तिचं आणि माझं वजन करायला गेलं तर तीच जड भरेल. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड सगळं काढलं, पण आईने घंटी काढू दिली नाही (वाटेत माणसं आडवी येतील म्हणून), आणि तुम्ही दिलेला पितळी पंप काढायला माझं मन झालं नाही. पंप एकट्या माझ्याकडेच होता. सगळे हसले. पण घाट सुरू झाला आणि हसणं पहिल्या वळणावरच संपलं, कारण हसायला वारा लागतो आणि तो कुणाकडेच उरला नव्हता. मामा, अभिमानाने सांगतो, घाटात सोळा जण उतरून सायकल ढकलत चालले. मी एकदाही पाय टेकला नाही. दुधाने भरलेले कॅन वाहिलेल्या माणसाला रिकाम्या सायकलीवर घाट सपाटच वाटतो. माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्यापुढे एकटा ज्योतिबा होता.

आणि पठारावर तोच ज्योतिबा एका धोंड्यावर बसलेला दिसला. मागचं चाक बसलेलं.

"गड्या, पंप हाय न्हवं तुझ्याकडं?"

"हाय. ठिगळ हाय का तुझ्याकडं?"

"ठिगळ हाय, सोल्युशन हाय. वाराच न्हाई!"

तुमच्यापाशी खोटं लिहिणार नाही. मी दहा-बारा पायडल पुढे गेलो होतो. चाळीस मिनिटं त्या माणसाची पाठ बघत घाट चढलो होतो, ती पाठ माझ्या ओळखीची झाली होती. अशा माणसाला धोंड्यावर बसवून पहिलं यायचं आणि मग तुम्हाला पत्रात काय लिहायचं? मागे फिरलो, पंप काढून दिला आणि म्हटलं, "खाली गेल्यावर दे."

पुढे अर्धा मैल मी पहिला होतो. कुणाला दिसलं नाही, पण होतो. मग उतार सुरू झाला, वाटेवर बाभळीची तोडलेली झुडपं पडली होती आणि माझ्या पुढच्या चाकाने त्यातला सगळ्यांत लांब काटा निवडला. ठिगळ माझ्याकडेही होतं. पंप ज्योतिबाकडे. लावलं ठिगळ आणि बसलो वाट बघत. थोड्या वेळाने तो आला, पण वाऱ्यासारखा आला. त्याच्या ब्रेकचे रबर झिजून गेले होते.

"थांबता येत न्हाई रं! झेल!" एवढं ओरडून त्याने पंप फेकला. उन्हात चमकत तो माझ्या डोक्यावरून गेला आणि थेट करवंदीच्या जाळीत. मी जाळीत शिरलो. वाटेवरून एक जण गेला, दोन गेले, पाच गेले. एकाने चांगुलपणाने विचारलं, "काय हरवलंय?" मी आतून म्हटलं, "पहिला नंबर."

चौदा जण पुढे गेले तेव्हा मी जाळीतून निघालो. पंप आणि निम्मा शर्ट आतच राहिला. सायकल खांद्यावर घेतली, तुम्ही शिकवलेला डबल मार्च आठवला आणि पळत सुटलो. पळता पळता दोघा सायकलवाल्यांना मागे टाकलं (आईची घंटी तेव्हा कामाला आली), म्हणजे तेरावा. माझ्या मागे सहा जण राहिले आणि सहाही जणांच्या चाकांत हवा होती.

रेघ ओलांडली तर एक पंच आडवे आले. ही सायकलची शर्यत आहे, हमालीची नव्हे, नंबर धरता येणार नाही म्हणाले. तेवढ्यात गर्दीतून ओळखीचा आवाज आला. उसाचं पाणी शेजारच्या नाथाजींवर सोपवून आबा एसटीने आले होते.

"आवं, तुमच्या कागदात काय लिवलंय ते वाचा की मोठ्यानं."

पंचांनी वाचलं, स्पर्धक सायकलसह रेषेपार आला पाहिजे.

"मग आलेत की दोगं. कोन कुनावर बसलंवतं, ते लिवलंय का कुटं?"

पंचांनी कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा पाहिली. मग माझं नाव तेराव्या नंबरावर लिहिलं. ज्योतिबा दुसरा आला होता. त्याने बक्षीस घेताना माइक धरून सगळ्या साताऱ्याला सांगितलं, "मलकापूरच्या कृष्णातचा पंप नसता तर मी अजून पठारावरच असतो." पुढच्या वर्षी सांगलीला शर्यत आहे, तेव्हा विश्रामबागेत त्याच्या बहिणीकडेच उतरायचं, असंही त्याने बजावलं आहे. तो टाळ्या घेत होता तेव्हा आबा आजूबाजूच्या लोकांना बोटाने मला दाखवत होते.

येताना सायकल एसटीच्या टपावर आणि आम्ही आत. आबा अटीबद्दल आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी खिडकीतून मैलाचे दगड मोजत होतो. उंब्रज मागे गेल्यावर एकदाचे बोलले, "सांगलीला जाताना पंप दोन घे."

मी "व्हय" म्हटलं.

गुडघ्याला तेल लावत जावं. उत्तराची वाट बघणारा,

तुमचा भाचा कृष्णात

ता. क. शर्यतीनंतरच्या रविवारी कोयता घेऊन त्या जाळीत पुन्हा गेलो होतो. पंपाची मूठ सापडली. ती जपून ठेवली आहे. रागावू नये.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. साताऱ्यात एका फोटोवाल्याने आबांचा आणि माझा फोटो काढला आणि दुकानाच्या काचेत लावला आहे. आबांची छाती बघून त्याचा काय समज झाला कोण जाणे, खाली कागदावर 'प्रथम क्रमांक' असं लिहून ठेवलं आहे. मे महिन्यात सुट्टीवर याल तेव्हा साताऱ्याला उतरून, वर्दीतच, त्याला एवढं सांगावं की फोटो पावसाळ्यापर्यंत तरी काढू नकोस. कागदाबद्दल काही बोलू नये. तो कागद काढ म्हणून सांगायला मी परवा गेलो होतो. कराडला मिळणारं बियाणं आणायला आबा दोन आठवड्यांत तीनदा साताऱ्याला का गेले, ते तिथे कळलं. काचेपुढे टोपी नीट करत उभे होते. आबा चौथी पास आहेत मामा, त्यांना वाचता येतं. मी तसाच मागे फिरलो.