मॉनिटरला वेगमर्यादा

चिरंजीव भोपळ्यास (पगार सुरू झाला म्हणून नाव बदलत नसतं), मावशीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं धडधाकट आहोत. तू वेळेवर जेवतोस का हे विचारत नाही, कारण तू खोटं सांगशील आणि मला ते खरं मानावं लागेल. फोनच केला असता, पण मी फोन उचलला की तुझे काका शेजारी येऊन बसतात, आणि प्रकरण त्यांचंच आहे. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तू पाठवलेला मॉनिटर टेबलावर विराजमान झाला. संध्याकाळी आम्ही त्यावर गाड्यांची शर्यत खेळतो (अर्धा पडदा त्यांचा, अर्धा माझा, संसारात इतकी सरळ वाटणी पहिल्यांदाच झाली). ते जन्मभर बस चालवलेले, मला साधी सायकल येत नाही, आणि रोज जिंकते मी! सांगून सांगून शेजारणींचे कान किटवलेत. पण या नव्या मॉनिटरवर माझी गाडी धक्के खायला लागली. रस्ता तुकड्यातुकड्यांनी पुढे सरके, वळण दिसेपर्यंत मी भिंतीवर (तरी जिंकत होते मीच, हे विसरू नकोस). मी म्हटलं, झालं, मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं.

भोपळ्या, खरं सांगते, घाबरले मी. उठता बसता सुईत दोरा ओवून बघायची, लांबून कॅलेंडर वाचायची. सगळं नीट दिसे, आणि खेळायला बसलं की पुन्हा धक्के.  शेवटी हे मला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी दिवा मारून डोळे तपासले, अक्षरं वाचून घेतली आणि विचारलं, "रस्त्यावरच्या गाड्याही अशाच अडखळतात का?" मी म्हटलं, "छे, फक्त मॉनिटरवरच्या." "मग तुम्ही कशाला आलात? मॉनिटरला पाठवायचं!"

तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "सेटिंगमध्ये एकशे चव्वेचाळीस आहे ना, तेवढं बघा," असं तू फोनवर सांगितलं होतंस ना? ह्यांनी तेव्हाच बघितलं होतं आणि अंगावर काटाच आला होता. बायकोकडे लायसन नाही, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि वेग एकशे चव्वेचाळीस! खाली साठ होतं, तीस होतं. शर्यतीचा रस्ता भर वस्तीतून जातो, आणि वस्तीत तीसच्या वर जायचं नाही हा ह्यांचा नोकरीभरचा नेम. लावलं तीस! (त्यांचीही गाडी तशीच चालत होती, पण जुन्या बसची सवय, धक्के बसल्याशिवाय गाडी चालू आहे असं त्यांना वाटतच नाही.) तो आकडा गाडीच्या वेगाचा नाही, पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं त्याचा आहे, हे बाईंनीच समजावलं. त्यांच्याही घरी मुलं खेळतात. मी चांगलं फैलावर घेणार होते, पण डोळे शाबूत आहेत या आनंदात मला रागच सापडेना. आणि मला जपायला म्हणून केलेला घोळ, त्यावर किती रागावणार?

घरी येऊन एकशे चव्वेचाळीस लावलं. रस्ता आता कसा सुळकन सरकतो! मॉनिटर झकास आहे, तुझं भलं होवो.

तुझी,
मावशी

ता. क. कामाचं राहिलंच. आता सगळं इतकं लख्ख दिसतं, की भलतंच एक दिसलं. शेवटच्या वळणानंतर ह्यांची गाडी माझ्या पुढेच असते. आणि शर्यत संपायची रेघ जवळ आली, की तिचे मागचे लाल दिवे लागतात. समोर रस्ता मोकळा, तरी लागतात. रोज. मी बाजूने पुढे जाते, जिंकते, आणि हे "कमाल आहे बुवा तुझी!" म्हणत खुर्चीत मागे रेलतात. काल शर्यत संपल्यावर पाणी प्यायचं निमित्त काढून मी आत गेले आणि डोळे पुसून आले.

आणखी एक. त्यांना यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस. मला फक्त एवढंच लिहून कळव, की ब्रेकचं बटण कुठलं. मी आजवर ते कधी दाबलेलंच नाही, आणि एकदा तरी मला त्यांच्या आधी थांबायचंय.