बाकावरचं नाव

शुक्रवार, अबू हमूर

वही उघडायला आठवडा उशीर झाला, चूक माझीच. इंग्लंडची सहल करून इथे आखातात, मुलाच्या घरी परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तिथल्या एका खेड्यात सगळे किल्ला बघायला गेले, मी चर्चजवळच्या बाकावर बसून राहिलो. परत आल्यावर नातीने त्यावरची पट्टी वाचली. "आजोबा, हे मेलेल्या बाईचं नाव आहे." समाधीवर बसलो की काय म्हणून मी घाबरून उठलो, बूट काढले. सून म्हणाली, "बाबा, लोक बघतायत." मुलाने बाकाचा फोटो घेतला. "किती छान आठवण ठेवतात ही माणसं."

आणि त्याच्या आईचा फोटो? नवा सोफा आल्यापासून स्टोअररूममध्ये, बॅगांच्या मागे. तो बाक डोळ्यांपुढून हलत नाही. तिथे बाकापाशीच बोलायला हवं होतं का? पण घर त्यांचं.

सुमन, पोरी, हे पान तुला पाठवतोय; नाशिकला तुझ्या भिंतीवर आईला जागा असेल तर लवकर कळव.