भिंगरीचं बिऱ्हाड

ता. ११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू नुसतं ‘काय? काय?’ करत राहतोस आणि मी इतकी ओरडते की शेजारची माणसं दार उघडून बघतात. गिरणीच्या मागांनी तुझे कान नेले, म्हणून मला पत्र लिहायची सवय लागली. तेवढंच अक्षर सुधारेल.

आमच्या शेल्टरमधली भिंगरी आज परत आली. दुसऱ्यांदा. तुला मागे तिच्याबद्दल लिहिलं होतं का, आठवत नाही. भाजलेल्या विटेच्या रंगाची, एक कान उभा, एक पडलेला, वय असेल दीड-दोन वर्षं. कुणीतरी पहाटे आमच्या फाटकाला बांधून गेलं होतं. मी आले तेव्हा दोरीभोवती गरागरा फिरून तिने स्वतःलाच गुंडाळून घेतलं होतं, आणि तशा अवस्थेतही शेपूट हलत होतं. नाव तिथेच पडलं.

पहिल्यांदा तिला एका तरुण जोडप्याने नेलं. दोघंही दिवसभर ऑफिसात. तिने आधी उशा फाडल्या, मग गादी, मग दाराची चौकट. मी गाडी घेऊन गेले आणि तिला उचलून आणलं. आता हे दुसरे, बँकेतून निवृत्त झालेले काका. फार सज्जन माणूस. फिरायला नेलं की ही त्यांना ओढत न्यायची, एकदा तर कुंपणाच्या झुडपातच घेऊन गेली. आज त्यांनी तिचं पांघरूण धुऊन, घडी करून माझ्या हातात दिलं, पण तिच्याकडे त्यांना बघवेना. ती मात्र माझ्या गाडीच्या मागच्या जाळीतून त्यांच्याच दाराकडे बघत होती, गाडी वळेपर्यंत.

तुमच्याकडे बैठी घरं आहेत, अंगणं आहेत. कुणाला विचारून बघ ना. मीच ठेवली असती, पण माझी एक खोली, आणि खाली घरमालक, ज्याला चिमणी खिडकीत बसलेलीही खपत नाही.

वहिनीचं खुब्याचं दुखणं कसं आहे? तिला माझा नमस्कार. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमी

ता. २३ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळाल्यापासून मी गावभर कुत्रीचा मामा म्हणून ओळखला जातो. न्हाव्याला विचारलं, पाववाल्याला विचारलं, शाळेच्या खेळाच्या मास्तरला विचारलं. मास्तर म्हणाला, असली चाळीस त्याच्या वर्गात आधीच आहेत. पाववाला तयार होता, पण त्याच्या बायकोने आतूनच नाही म्हटलं. मला ते ऐकू आलं नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तुझी वहिनी चार पायांची काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत येते. येते ती माझ्या चुका काढायला. जेवण मी करतो, भांडी मी घासतो, ते जमतं. पण आता खांदेही आखडल्याने तिला हात वर करून वेणी घालता येत नाही आणि मला ती येत नाही. आयुष्यभर तुटलेले धागे जोडले, पण तीन पेडांपुढे हात टेकले. ती आरशात बघून काही बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तू मात्र प्रत्येक कुत्र्यापायी जीव जाळू नकोस. वेळेवर जेवतेस का, ते आधी लिही. मी विचारत राहीन, पण फार आशा ठेवू नकोस. आमचे दोघांचे आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जेवते रे. आज मात्र घास उतरला नाही, म्हणून लिहायला बसले.

परत आल्यापासून भिंगरी पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागली होती. भिंतीला घासून शेपटीचं टोक सोलवटलं. मलमपट्टी केली की ती तासाभरात काढून टाकायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी शांत राहायची गोळी सुरू केली, जखम भरेपर्यंत. गोळीने ती निमूट पडून राहते, नजर कुठेतरी लांब. मला ते बघवत नाही, पण जखम सुकते आहे.

आणि नेमक्या या आठवड्यात एक बाई आल्या. जमिनीच्या मोजणीचं काम करतात, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर त्यांची म्हातारी आई. बाई दिवसभर बाहेर असतात, म्हणून आईच्या सोबतीला एखादं शांत जनावर हवं होतं. म्हातारी सगळ्या पिंजऱ्यांवरून गेली आणि भिंगरीपाशी थांबली. आम्ही दार उघडून म्हातारीला बसायला स्टूल दिलं. ही हळूच उठली आणि तिने म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. दादा, म्हातारीने त्यानंतर दुसऱ्या कुत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेल्टरच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. गोळीचं सांगू नकोस म्हणाले. घर मिळालं की आपोआप शांत होईल, आणि नाही मिळालं तर एप्रिलमध्ये तिला मोठ्या आवारात पाठवायचं आहे, हे विसरू नकोस. ते आवार मी पाहिलं आहे. शहराबाहेर, पिंजऱ्यांच्या रांगा, खायला-प्यायला मिळतं, पण तिथे कुणीही बघायला येत नाही. साहेब वाईट नाहीत. त्यांच्याकडे जागा नाही.

मी फाटकापर्यंत गप्प राहिले. म्हातारी जिना उतरतानाही तिचा पट्टा दोन्ही हातांनी धरून होती. ही एरवी कशी ओढते ते माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मोजणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या खिडकीकडे. त्यांनी आईच्या बोटांतून पट्टा सोडवून घेतला, एकेक बोट करून. म्हातारी गाडीत बसेपर्यंत लेकीशी भांडत होती.

साहेब मला रागावलेही नाहीत. मी भिंगरीला परत आत नेलं. बरोबर केलं की चूक, मला सांग. की नकोच सांगू.

तुझी,
चिमी

ता. २ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

चांगलं केलंस असं लिहायला घेतलं होतं, पण माझ्या चांगलं म्हणण्याने त्या मुक्या जिवाला काय मिळणार? कागद फाडला.

पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, घेऊन या तिला, बघू तरी. मला वाटलं मला चुकीचं ऐकू आलं, म्हणून पुन्हा विचारलं. तिने काठी आपटून सांगितलं.

तर येत्या रविवारी तिला आणून सोड. अंगणाला मी जाळी मारली आहे. मी अजून धडधाकट आहे, दोन वेळा लांब फिरवीन. फार उपदेश न करता ये. बाकी भेटीअंती.

तुझा,
दादा

ता. २९ मार्च

चि. चिमीस,
आशीर्वाद.

हे पत्र तुझी वहिनी लिहिते आहे. यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, ते तुला फोनवर सांगितलंच. परवा तू आलीस, पाणीही न पिता तिला घेऊन गेलीस, एक शब्द बोलली नाहीस. माझ्यावर रागावलीस का? फोन मी केला होता, यांनी नाही. यांनी तर हात मोडल्याचं तुला कळू द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

काय झालं ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते. पोरगी गुणाची होती. पहिल्या दिवशी टेबलाभोवती इतकी धावली की हे हसून हसून खाली बसले. या घरात हसणं ऐकून किती दिवस झाले होते. माझ्याजवळ येताना मात्र पावलं मोजून यायची, कुणी शिकवलं कोण जाणे. पण रस्त्यावर गेली की वेगळीच. त्या दिवशी मागून ट्रक आला, यांना भोंगा ऐकू आला नाही. तिने ऐकला आणि झेप घेतली. पट्टा मनगटाला गुंडाळलेला. लोकांनी दोघांना उचलून आणलं. तिने ओढलं म्हणून हे वाचले की तिने ओढलं म्हणून पडले, यावर अजून आमचं भांडण चालू आहे.

पण चिमे, एक माणूस काठीवर आणि दुसरा प्लास्टरमध्ये. तिला दोन दिवस कुणी दाराबाहेर काढलं नाही. ती पुन्हा गोल फिरायला लागली. मी बघत बसले, दुसरं काही करता येत नव्हतं. मग फोन उचलला.

तू गाडी लावलीस तेव्हा हे न्हाणीघरात जाऊन बसले, नळ सोडून. गाडी गेलेली यांना कळलीच नाही. मी काठी टेकत गेले, दार ठोठावलं, तेही ऐकू जाईना. बराच वेळ हे आत आणि मी बाहेर.

राग धरू नकोस. जमेल तेव्हा ये आणि या वेळी जेवून जा.

तुझी,
वहिनी

ता. २१ एप्रिल

ती. सौ. वहिनीस व दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुझ्यावर कसला राग? मी तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि गाडी मलाच चालवायची होती.

भिंगरीचं नाव मोठ्या आवाराच्या यादीत लागलं होतं. परवा सोमवारी गाडी जाणार होती. मी ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना विचारून थकले. काही जण तर मला पाहून रस्ता ओलांडायला लागले होते. शनिवारी मी तिला पिंजऱ्यात घासूनपुसून आंघोळ घालत होते. दुसरं काय करणार, निदान स्वच्छ जाऊ दे म्हणून. तेवढ्यात मोजणीबाई आल्या, एकट्याच.

आई रोज त्या विटकरी कुत्रीचं विचारते म्हणाल्या. दुसऱ्या दोन दाखवून झाल्या, तिला पटत नाहीत. मग मला म्हणाल्या, आज गोळी दिली आहे का? मी सांगितलं, जखम भरल्यापासून बंद आहे. त्यांनी पट्टा मागितला आणि मागच्या माळावर तिला घेऊन गेल्या. दुपार सरली तरी पत्ता नाही. आल्या तेव्हा कोपर खरचटलेलं, कपडे मातीने भरलेले, आणि भिंगरी पहिल्यांदाच जीभ काढून शांत उभी. बाई म्हणाल्या, कामावर त्यांना दिवसभर शेतं तुडवावी लागतात, तिला लांब दोरीवर बरोबर नेऊन बघतील. संध्याकाळी दमली तर आईपाशी बसेल. वचन मात्र देणार नाहीत. नाही जमलं तर परत आणतील.

मला त्यांच्याकडून वचन घ्यायचं होतं. पण मी कुठल्या तोंडाने मागणार, माझ्या सख्ख्या भावाकडूनही परत आणलेली. नेऊ दिली. कळेल तसं कळवीन.

तुमची,
चिमी

ता. ८ मे

चि. चिमीस,
अ. उ. आ.

प्लास्टर निघालं. अक्षर वाकडं येतं आहे ते हातामुळे, वयामुळे नव्हे. तिकडची काही बातमी? तुझी वहिनी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते आणि मला सांगते की ती रस्ता बघते आहे. जे काही असेल ते लिही, वाईट असलं तरी.

तुझा,
दादा

ता. १९ मे

ती. दादास व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल मी पाहणीला गेले होते. दिलेलं कुत्रं नीट आहे का ते महिन्याने घरी जाऊन बघायचं असतं. गेल्या दोन आठवड्यांत बाईंचा फोन आला नव्हता. आला नाही म्हणजे चांगलं की वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार बाईंनी उघडलं. आत म्हातारी खुर्चीत, आणि तिच्या पायाशी भिंगरी चारी पाय पसरून झोपलेली, अंगावर कुसळं, नखांत माती. पहिले काही दिवस कठीण गेले म्हणाल्या. एकदा दोरी तोडून पळाली, अंधार पडेपर्यंत सापडली नाही. घरी येऊन बघतात तर ही दाराशी बसलेली. त्यानंतर दोरी लागली नाही.

माझा आवाज ऐकून भिंगरीने डोळे उघडले. मी गुडघ्यांवर बसले आणि हात पसरले. ती उठली, दोन पावलं माझ्याकडे आली आणि थबकली. मग मागे मागे सरकत खुर्चीच्या आड गेली आणि तिथून माझ्यावर गुरगुरली. हळू, पण गुरगुरलीच. सगळं अंग थरथरत होतं. बाई ओशाळल्या, म्हणाल्या, तुमच्या कपड्यांना बाकीच्या कुत्र्यांचा वास येत असेल.

वास नव्हे, दादा. त्या जोडप्याच्या घरी मी गेले, काकांच्या घरी मी गेले, तुझ्या घरीही मीच आले. तिचं बिऱ्हाड जिथे जिथे लागलं तिथून तिला उचलायला दरवेळी मीच उभी होते. तिला मी तीच वाटणार.

मी जागची हलले नाही. म्हातारीने हात खाली नेला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिला समजावत राहिली, की बाई नुसती भेटायला आली आहे, तुला कुठे नेणार नाही. मीही तेच म्हणणार होते, पण माझं तिने ऐकलं नसतं. विचारायचे प्रश्न अर्ध्यावर सोडले, चहा नको म्हटलं आणि उठले. पुढच्या पाहणीला मी दुसऱ्या कुणाला पाठवीन.

वहिनीला हे जरा सांभाळून वाच. आणि भिंगरी सुखात आहे, हे आधी सांग.

खाली येऊन गाडी सुरू केली. मागची जाळी रिकामी होती, तरी वळणावर मी गाडी हळू घेतली, मागे कुणी घसरू नये म्हणून.

रविवारी येते आहे, जेवायला. तुम्हा दोघांचा जीव माझ्यावर आहे तसाच राहू द्या.

तुमची,
चिमी