कोबीच्या डब्यात पडलेला चेंडू

धाकटे वेरोना,

थोरल्या झुझानाचे तुला आणि जॉन्सटाउनच्या तुझ्या सगळ्या गोतावळ्याला आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? हंसाची चरबी रोज चोळतेस ना? (पत्र वाचून दाखवणाऱ्या सूनबाई, खरं काय ते तूच कळव, माझी बहीण खोटं सांगेल.) तुझ्या यजमानांचा खोकला, तुझी ती आंधळी कोंबडी, सगळी खुशाल असोत. मला अक्षर येत नाही आणि तुलाही येत नाही, तेव्हा इकडे एकजण लिहितेय, तिकडे एकजण वाचतेय आणि मधल्यामधे आपण दोघी अंगणात बसल्यासारख्या बोलतोय. मी बरी आहे. तब्येतीने बरी आहे. बाकीचं सांगायलाच पत्र घातलंय.

आमचे हे पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाले, ते तुला ठाऊकच आहे. निरोपाला साहेबांनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं (ते मागे पडतं) आणि बेसबॉलच्या सामन्याची दोन तिकिटं दिली. इतकी वर्षं पिट्सबर्गात काढली, टेकडीवरच्या आमच्या ओसरीतून मैदानाचे दिवेसुद्धा दिसतात, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. ना ह्यांनी, ना मी. ह्यांचा बेसबॉल म्हणजे रेडिओ. आता श्टेफान किती बोलतात ते तू लग्नापासून पाहतेयस. घरात दिवसाकाठी तीन शब्द: ‘मीठ’, ‘दार’ आणि ‘हं’. पण संध्याकाळी त्या खोक्यासमोर बसले की जीभ सुटते. “अरे काढ त्याला, दमलाय तो!” असं ओरडतात. कोण दमलाय, कशावरून दमलाय, मी विचारलं की ‘हं’. मी दिवसभर उभी असते, वेरोना, जिने चढते, चादरी पिळते. मी दमलेय हे कुणी ओरडून सांगितल्याचं मला आठवत नाही. त्या रेडिओला मी सवत म्हणत नाही. सवतीला निदान कधीतरी ताप येतो.

तरी म्हटलं, चला, दोघांनी मिळून कुठे जायचं म्हणजे आजवर चर्च नाहीतर मयत. निळा पोशाख काढला. मोठा डबा भरून हालुश्की केली, नूडल आणि कोबी लोण्यात चांगली लाल होईपर्यंत परतून. ह्यांनी दाढी केली! एरवी माझ्यासोबत कुठे जायचं तर ह्यांची दाढी फक्त ईस्टरला होते. ट्राममध्ये मी म्हटलं, “अहो, आज मला सगळं समजावून सांगा हं.” “हं,” म्हणाले. पण हा ‘हं’ जरा गोड होता. मी भुलले.

आमच्या खुर्च्या उन्हाकडच्या. ह्यांच्या एका बाजूला मी, आणि दुसऱ्या बाजूला एक बाई. एकटी. डोक्यावर पिवळी गवती टोपी, टोपीवर मेणाच्या लाल चेरी, ह्या वयात! (अगं थांबलीस का? लिही. चेरी म्हणजे चेरीच.) कानावर पेन्सिल, मांडीवर छापील तक्ता, आणि प्रत्येक चेंडूनंतर ती त्यात काहीतरी खूण करायची. ह्यांनी एकदा वाकून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग आमच्या घुम्याच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं: “तो मागचा चेंडू वळला, नाही का?”

“वळला कसला, सुतळीसारखा तुटून खाली पडला!” ती म्हणाली.

झालं. धरणच फुटलं म्हण ना. कोण डावरा, कोण गेल्या उन्हाळ्यात कसा घसरला, कुणाचं मनगट दुखतंय, हे सगळं ह्यांना तोंडपाठ, आणि तिलाही. मी मधूनच विचारायची, “अहो, तो पळत का नाही?” की हे हात हलवून म्हणणार, “नंतर सांगतो.” मी विचारलं, “आता सगळे का ओरडले?” “नंतर.” वेरोना, माझी इतकी ‘नंतर’ साठलीयत की त्यांचं लोणचं घालता येईल. आणि मग एका क्षणी मैदानातल्या चेंडू टाकणाऱ्याने घाम पुसला, तशी ती आणि हे एकाच सुरात ओरडले, “काढा त्याला, दमलाय तो!” एकाच सुरात! एकमेकांकडे बघून हसलेसुद्धा. ह्यांचे मागचे दोन दात गेलेत, ते मला त्या दिवशी कळलं.

मत्सर? छे. मत्सर माझ्या स्वभावात नाही. पोटात आग पडली होती ती सॉसेजच्या पावावरच्या मोहरीने. मोहरी मी खाल्ली नव्हती, वासानेच झाली असेल.

म्हटलं, माणसाला अन्नाने परत आणावं. डबा उघडून मांडीवर घेतला आणि झाकण काढते न काढते तोच मैदानातून फटकारलेला एक चेंडू तिरका वर उडाला, सूर्यात दिसेनासा झाला, आणि थप्पकन आमच्या कोबीत! लोणी माझ्या निळ्या पोशाखावर, नूडल पुढच्या माणसाच्या मानेवर. (तो भला माणूस, खाऊन म्हणाला, “मीठ बेताचं आहे.”) सगळे टाळ्या वाजवायला लागले. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याने पकडला त्याचा, अशी इथली रीत. आणि सभ्य गृहस्थाने तो शेजारच्या बाईला द्यावा, अशीही रीत. ह्यांनी माझ्या डब्यात हात घातला, चेंडू काढला, बाहीला पुसला, माझ्याकडे पाहिलं… आणि उजवीकडे वळून त्या चेरीवालीच्या हातात ठेवला.

मी म्हटलं, “अहो!”

म्हणाले, “अगं, तुला काय करायचाय चेंडू?”

काय करायचाय! पोलंडच्या राणीला मुकुट काय करायचा असतो? लोकांनी बघावं की हा ह्यांनी मला दिला, एवढंच करायचं असतं.

मी डब्याचं झाकण लावलं. थोड्या वेळाने बघते तर सगळं मैदान उठून उभं राहिलेलं, माणसं हातपाय ताणतायत, गाणं म्हणतायत. म्हटलं, संपला एकदाचा. हे त्या तक्त्यात डोकं घालून बसलेले. मी कोट चढवला, डबा घेतला आणि ताठ मानेने बाहेर पडून ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. माणूस येईल मागून धावत, माफी मागेल, असं वाटलं. कुणीच येईना. ना हे, ना दुसरं कुणी. आतून मात्र अधूनमधून गर्जना उठायची, आणि प्रत्येक गर्जनेला मला दिसायचं, हे आणि ती एका सुरात. एक ट्राम गेली, दुसरी गेली. हालुश्की गार झाली, मी तापले. शेवटी लोंढा बाहेर आला आणि लोंढ्यात आमचे हे, बरोबर ती, तिच्या हातात मी खुर्चीखाली विसरलेली छत्री.

“अगं, होतीस कुठे? मला वाटलं मोरीला रांग असेल!”

“खेळ संपल्यावर माणसं घरी जातात,” मी म्हटलं.

“संपला? अगं, सातव्या डावात सगळे नुसते पाय मोकळे करायला उठतात! नऊ असतात!”

मला काय ठाऊक? कुणी सांगितलं होतं? नंतर, नंतर! ट्रामभर मी खिडकीबाहेर बघितलं. घरी आल्यावर रेडिओच्या मागचा एक काचेचा व्हॉल्व्ह काढून पिठाच्या डब्यात पुरला. हे तीन संध्याकाळी त्या मुक्या खोक्यापुढे बसले, बिचारे, खोक्याला थापट्या मारत. आता कळू दे, समोरचा बोलत नाही म्हणजे काय असतं ते.

तेव्हा धाकटे, मी ठरवलंय. मी तुझ्याकडे येतेय, कायमची. मागची खोली झाडून ठेव, त्या कोंबडीला हलव. ह्यांनी त्या चेरीवालीबरोबर नऊ काय, नव्वद डाव बघावेत.

सगळ्या लहानग्यांच्या गालांचे पापे घे आणि थोरलीचं नाव सांग.

तुझी,
झुझाना (फुली माझी, बाकी अक्षर माझं नाही)

ता.क. खोली झाडू नकोस. सोमवारी दार वाजलं. बघते तर चेरीवाली, हातात चेंडू. पत्ता ह्यांनीच बडबडताना सांगितलेला. म्हणाली, “बाई, ज्याच्या डब्यात पडला त्याचा. मी तिथेच द्यायला हवा होता, पण तुम्ही निघून गेलात. दोनदा धुतला, कोबीचा वास जात नाही.” नाव नोरा टिअर्नी. ह्यांच्या खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला, तेव्हापासून ती खुर्ची रोज नव्या माणसाला विकली जाते आणि हिच्याशी कुणी बोलत नाही. मी तिला आत घेतलं. चेरी जवळून तितक्या वाईट नाहीत.

दुसरा ता.क. व्हॉल्व्ह परत बसवला. नोरा रोज दुपारी येते, हे डुलकी घेतात तेव्हा, आणि मला शिकवते. काल संध्याकाळी रेडिओ चालू होता, मी बटाटे सोलत होते. दोन चेंडू लागोपाठ उंच गेले, तसं मी मान वर न करता म्हटलं, “काढा त्याला, दमलाय तो.” हे माझ्याकडे बघतच राहिले. मग, वेरोना, ह्यांनी आपल्या हाताने रेडिओचा आवाज कमी केला आणि विचारलं, “तुला कसं कळलं?” मी म्हटलं, “नंतर सांगते.”

तिसरा ता.क. आता खरं काम. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं पुन्हा जातोय. तुझे दीर ओंद्रेय विधुर आहेत, दात सगळे आहेत, आणि कारखान्याच्या संघात चेंडू पकडायचे. त्यांना स्वच्छ सदरा घालून पाठव. बसायचा क्रम मी लावलाय: आधी हे, मग मी, मग नोरा, मग ओंद्रेय. नोरा आता माझी मैत्रीण आहे, पण मैत्री एका जागी आणि खुर्ची एका जागी.

शेवटचा ता.क. अक्षर सुरेख आहे, असं तुझी सून म्हणेल. नोराचं आहे. माझा राग कधीच उतरला होता, तरी टोपीपासून सवतीपर्यंत सगळं त्या दिवशीच्याच रागात मुद्दाम तिलाच सांगितलं, बघत होते कुठे पेन्सिल अडते. चेरीपाशी जराशी अडली. ओंद्रेयपाशी मात्र तिने दातांचं दोनदा विचारून घेतलं.