सात्यांच्या पानाबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी, शामकला टेकचंद कटरे, वय ७२, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार देवरी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणण्याची कोणाची हिंमतही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. राहते घर धाकट्या जावेला द्यावे. तिने जन्मभर माझी बोलणी खाल्ली आणि दुखण्यात डबाही पाठवला. मागच्या दाराची कडी अडकते, उचलून लावावी.

२. बँकेतील ठेवीतून आधी माझ्या वेबसाइटचे दरवर्षीचे भाडे भरावे. मग बाकीचे खर्च.

३. ही वेबसाइट रानभाज्यांची आहे. प्रत्येक भाजीखाली ती दाखवणाऱ्या बाईचे नाव आहे. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळिंबी. तिची जागा आमच्याकडे सासू फक्त सुनेला सांगते. रुख्मा नेवारे हिने आपली जागा मला दाखवली आणि लिहू दिली. पुढे तिचे मन बदलले. मी त्याच दिवशी ते पान वेबसाइटवरून काढून टाकले.

त्याआधीच माझा पुतण्या गजेंद्र याने एका टूलने माझी सगळी वेबसाइट उतरवून घेतली होती. कोहमारा गावातल्या आपल्या दुकानात बसून त्याने ती स्वतःच्या नावाने, जाहिराती लावून चढवली. बायांची नावे काढली, स्वतःचा फोटो घातला. माझा फोन नंबर काढायचा मात्र विसरला. म्हणून लोक मलाच विचारू लागले, "मॅडम, सात्या क्या किलो?" असे मला कळले.

रुख्माला माझ्याआधी कळले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, परके लोक फावडे घेऊन आले. पुरं वारूळ खोदून राहिले. तू तं पान काढलं होतंस ना? मंग काऊन?"

सात्या हाताने खुडतात. वारूळ खोदले की पुढे तिथे काही उगवत नाही.

गजेंद्र म्हणाला, "मोठीमाय, नेटवर आहे ते सब का है. मी चोरी थोडीच केली?" मी म्हटले, "लग्नात जेवायला बोलावलं म्हणून कोणी पातेलं घरी नेत नाही." तो हसला. पुढे महिनाभर भांडल्यावर त्याने पान काढले. तोवर आणखी तिघांनी त्याच्याकडून उचलले होते. आता ते त्याच्याही हातात नाही.

४. माझी धानाची दीड एकर जमीन माझ्यामागे गजेंद्रचीच आहे. परंतु त्या तिघांना लिहून, फोन करून, दारात जाऊन त्याने ते पान काढवून घ्यावे. तोपर्यंत सातबाऱ्यावर त्याचे नाव चढवू नये. काम झाले की नाही हे रुख्मा ठरवेल. त्याला मला शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे, मी ऐकायला नसेन.

५. वेबसाइट भूमिका पटले या शिक्षिकेला देते. तिच्या शाळेत नेटवर्क नाही, म्हणून मुलांना दाखवायला तिला प्रत हवी होती. तिने फोन करून आधी विचारले, माझी साइट अडू नये म्हणून थोडे थोडे उतरवले, नावे तशीच ठेवली, आणि दर सत्राला नवी प्रत घेऊन जुनी पुसते. म्हणजे मी काढलेले तिच्याकडूनही निघते. उतरवणे वाईट नाही, असे उतरवावे. पुढे जो मागेल त्याला भूमिकाने याच अटींवर द्यावे. जो न विचारता नेईल त्याला माझ्या नावाने झापावे.

६. कॅमेरा आणि भिंगही तिलाच.

७. या मृत्युपत्राच्या पहिल्या कागदावर चौथ्या कलमात, वाद नको म्हणून, मी सात्यांच्या त्या जागेचे नाव लिहिले होते. साक्षीचा अंगठा देण्याआधी रुख्माने सोबतचा साक्षीदार योगराज याच्याकडून सगळे वाचून घेतले. म्हणाली, "बाई, याचीबी झेरॉक्स निघंल."

मी नाव खोडले.

"खोडल्यानं अक्षर जात नाई."

म्हणून सगळे पुन्हा लिहिले आहे. पहिला कागद तिने माझ्या देखत चुलीत घातला. त्याची प्रत कोणाकडेही नाही.

देवरी, १९ जून २०२५

सही: शामकला टेकचंद कटरे

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही:
१. योगराज रामलाल बिसेन, देवरी (सही)
२. रुख्मा बकाराम नेवारे (डाव्या हाताचा अंगठा)