बाया मोहाले गेल्या होत्या

प्रिय सगुणा,

तू होतीस तेव्हा तुला कधी नावाने हाक मारली नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, रागावू नकोस. लिहिल्याशिवाय राहवतच नाही! आज दुपारी, बाया मोहफुले वेचून परतल्या की, गावाची सभा पुन्हा बसणार आहे आणि ती माझ्यामुळे बसणार आहे. माझ्यामुळे! जो माणूस सभेत दाराजवळ बसायचा आणि चहा आला की बोलणे संपले असे समजायचा, त्याच्यामुळे. अंघोळ केली तरी घाम येतो.

झाले असे. काल सकाळी रस्त्याचे साहेब आले. नाल्यावर पूल आणि पुढे सरळ डांबरी रस्ता. सरळ म्हणजे नाल्यापलीकडच्या मोहांमधून. झाडे तोडावी लागतील, गावाची संमती द्या, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला जाईल, म्हणाले.

आपल्या गावात हात मोजत नाहीत, तुला माहीतच आहे. एकाने जरी नाही म्हटले तरी निर्णय होत नाही. त्याला समजवायचे, नाहीतर त्याच्याकडून समजून घ्यायचे. निवडणुकीत तसे कुठे असते? जास्त मते पडली की संपले, आणि मग हरलेले जिंकलेल्यांच्या लग्नाला जात नाहीत. मी चौथी शिकलेला, मला राजकारण काय कळणार? पण आपली रीत मला बरी वाटते. वेळ लागतो, बसून बसून पाय दुखतात, पण नंतर कोणी तोंड फिरवत नाही.

काल मात्र सगळे पटापट हो म्हणाले. आपला सुरेशही. तुझा चुलतभाऊ गंगाराम आता सभेचा अध्यक्ष आहे. त्याने विचारले, "मंग सगळ्याइले मान्य हाय ना?"

आणि मी उभा राहिलो.

का राहिलो? मला तर रस्ता सगळ्यांपेक्षा जास्त हवा आहे! त्या श्रावणात तुला दवाखान्यात न्यायला खाटेवर घेऊन आम्ही नाल्याच्या काठाशी उभे होतो, पाणी उतरायची वाट पाहत. ते उतरले तेव्हा तुला घाई राहिली नव्हती. तेव्हापासून तो पूल मी रोज मनात बांधतो आहे.

पण माझी नजर बायांच्या बाजूला गेली. सतरंजी रिकामी! मोहाचे दिवस, पहाटेच टोपल्या घेऊन सगळ्या जंगलात गेलेल्या. ज्या घराचे जे झाड, त्या घरची बाई त्या झाडाखाली वाकून फुले वेचत होती, आणि आम्ही इकडे ती झाडे तोडायला हो म्हणत होतो.

मी म्हणालो, "मले मान्य नाई. बाया मोहाले गेल्या हायेत. त्याइले पुसल्याबिगर आपण सगळे कसे झालो?"

आवाज इतका बारीक निघाला की गंगारामने पुन्हा म्हणायला लावले. मग काय! साहेबांनी घड्याळ पाहिले. मागून कोणीतरी बुढा सठियाला म्हणाले. सुरेश उठून माझ्याजवळ आला. हळूच बोलला, पण सगळ्यांनी ऐकले. "बाबा, मायले कसं नेलं होतं आपण, भुलले का तुमी?"

तू असतीस तर त्याला गप्प केले असतेस. तूही ना, नेमकी नको तेव्हा गेलीस!

गंगारामने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग साहेबांना म्हणाला, "उद्या दुपारी या साहेब. आज आमची सभा अर्धीच हाय."

संध्याकाळी जमनाबाई आली. तीच, जिच्याशी तू दर चैत्रात भांडायचीस, तिच्या झाडाची फुले तुझ्या झाडाखाली पडली तर कोणाची म्हणून. तिचे झाड रस्त्याच्या अगदी मधोमध येते. वाटले, आभार मानेल. तिने विचारले, झाड वाचवायला उभे राहिलात का? मी म्हटले, नाही, मला रस्ता हवा आहे.

"मंग काऊन उभे राह्यले, भाऊजी?"

"तुमाले पुसाले."

तिने पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळेना. मग म्हणाली, "सून पावसाळ्यात बाळंत होनार हाय. अन् मोहाबिगर उन्हाळा कसा काढाचा? मी काय म्हणीन, मलेच ठाव नाई."

तेव्हापासून मला चैन नाही. बाया नको म्हणाल्या आणि मशीन गेली तर? तिची सून नाल्याशी अडली तर लोक माझे नाव घेतील, आणि बरोबरच घेतील. पण न विचारता कोणाचे भले करायला गेलो, तर ते भले कोणाचे? तूच सांग!

बाया येऊन राहिल्या आहेत, गल्लीत आवाज येतो आहे. मला निघायला हवे.

एक वचन देतो. सभेत मी तुझे नाव आधी काढणार नाही. तुझा तो दिवस सांगितला तर एकाही बाईला नको म्हणवणार नाही, हे मला माहीत आहे. जमनाबाईसुद्धा मान खाली घालून हो म्हणेल. म्हणून त्या सगळ्या बोलून होईपर्यंत मी ओठ दाबून बसेन. तुला त्या काठावर पुन्हा एकटे सोडल्यासारखे वाटले, तरी बसेन.

तुझा,
मारोती